हात आणि हत्यार : भाराने भाजलेला स्विच



विहिरीवरील पंप, शिवणयंत्र, स्टोव्ह, इस्त्री अशा घरोघरीच्या वस्तूंविषयी या सदरात लिहिण्याचा आमचा परिपाठ आहे. आज मात्र आम्ही अशा एका वस्तूकडे वळत आहोत, जी आमच्या वाचकांपैकी फारच थोड्यांच्या दारी उभी असेल. ती म्हणजे इंग्लंडात तयार झालेली, दोघांना बसण्याजोगी, कापडी टपाची जुनी स्पोर्ट्स मोटार. आणि त्या मोटारीतही केवळ बोटभर लांबीचा एक भाग, तिच्या हेडलाइटचा स्विच. शेतकरी कुटुंबांत वाचल्या जाणाऱ्या साप्ताहिकात या हौशी वाहनाचे काय प्रयोजन, असे कोणी विचारील. त्यास आमचे उत्तर असे की, या लहानशा स्विचला जो रोग जडतो, तो पुष्कळ यंत्रांना जडतो. आणि यंत्रांनाच काय, माणसांच्या घरांनाही जडतो. लेखाच्या अखेरीस त्याचा विचार करू. प्रथम मोटारीकडे पाहू.

ही मोटार म्हणजे ‘एमजीबी’. मॉरिस गॅरेजेस या ऑक्सफर्डमधील संस्थेच्या आद्याक्षरांवरून एमजी हे नाव पडले, आणि १९२९ सालापासून या मोटारींचा कारखाना ऑक्सफर्डजवळच्या अ‍ॅबिंग्डन या गावी होता. टेम्स नदीकाठचे हे गाव आम्हां कॅथलिकांस अगदीच परके नाही. सातव्या शतकात तेथे बेनेडिक्टाइन संन्याशांचा मठ स्थापन झाला. राजा आठवा हेन्री याच्या कारकीर्दीत, १५३८ साली, तो मोडण्यात आला. कँटरबरीचे आर्चबिशप संत एडमंड हे याच गावचे सुपुत्र. १२४० साली त्यांचे देहावसान झाले आणि १२४६ साली ख्रिस्तसभेने त्यांना संतपद दिले. अशा या जुन्या गावात एमजीबी १९६२ साली तयार होऊ लागली व १९८० साली कारखाना बंद होईपर्यंत पाच लाखांहून अधिक मोटारी तेथून बाहेर पडल्या. त्यांतील पुष्कळशा आजही हौशी लोकांनी सांभाळून चालत्या ठेवल्या आहेत.

आपल्याकडील वाचकांना तिचे दूरचे नाते सांगितले तर आश्चर्य वाटेल. बेळगाव, इंदूर, हैदराबाद अशा गावांच्या रस्त्यांवर वर्षानुवर्षे धावलेली अँबॅसडर मोटार मूळच्या मॉरिस ऑक्सफर्डवरून घेतलेली होती. तिच्यातील १४८९ घन सेंटिमीटरचे पेट्रोल इंजिन व एमजीबीतील १७९८ घन सेंटिमीटरचे इंजिन ही एकाच घराण्यातील भावंडे. अँबॅसडरचे उत्पादन २०१४ साली थांबले. एमजी हे नाव मात्र, मालक व देश बदलून, २०१९ सालापासून बडोद्याजवळच्या हलोल येथील कारखान्यात बनणाऱ्या मोटारींवर दिसू लागले. तेथे नाव तेवढे जुने. अंतरंग सर्वस्वी निराळे.

आता मूळ विषय. जुन्या एमजीबीच्या मालकाचा नेहमीचा अनुभव असा : रात्री मोटार काढली, स्विच ओढला, दिवे लागले. दहा-पंधरा मिनिटांनी ते मंद झाल्यासारखे वाटले. मग एखाद्या वळणावर दोन्ही दिवे एकदम विझले. स्विच दोन-चार वेळा खालीवर केला, तो पुन्हा लागले. स्विचला बोट लावावे तर तो चांगलाच तापलेला. दुसऱ्या दिवशी उजेडात पाहावे तर सर्व काही ठीक. असे झाले की मनुष्य बल्बला दोष देतो, नाही तर बॅटरीला. बॅटरी भरलेली असते, बल्ब धड असतात. तरीही उजेड नाही. दोष असतो तो या दोघांच्या मधल्या वाटेवर.

जुन्या इंग्रजी मोटारींतील विजेचे सामान बहुधा बर्मिंगहॅमच्या लूकास कंपनीचे असे. त्यावरून तिकडे या कंपनीस थट्टेने ‘अंधाराचा राजपुत्र’ म्हणण्याची चाल पडली. थट्टा म्हणून ती ठीक. परंतु न्यायाने पाहता साठ वर्षांचे वय, ओलावा, गंज आणि अडाणी दुरुस्त्या यांचा वाटा त्यात मोठा आहे. तथापि मूळ रचनेतही एक उणीव होती, ती समजून घेतली पाहिजे.

एमजीबीत बॅटरीकडून येणारी तपकिरी तार सरळ दिव्यांच्या स्विचपर्यंत जाते. तिच्या वाटेवर फ्यूज नाही. स्विचमधून निळी तार निघते व डिपरच्या स्विचकडे जाते. तेथून दोन फाटे फुटतात. पांढरी रेघ असलेली निळी तार अप्परची आणि तांबडी रेघ असलेली निळी तार डिपरची. बाजूच्या लहान दिव्यांची तार तांबडी आणि अर्थची काळी. आपल्या घरांतील जुन्या वायरिंगमध्ये तांबडी तार जिवंत असते. येथे खरी जिवंत तार तपकिरी आहे. घरचा हिशेब मोटारीला लावू नये.

या रचनेचा अर्थ असा की, दोन्ही मोठ्या दिव्यांची सगळी वीज त्या एका लहान स्विचच्या पॉइंटमधून वाहते. एक दिवा साठ वॅटचा धरला तर दोन दिव्यांचे एकशेवीस वॅट होतात. बारा व्होल्टच्या बॅटरीवर हा प्रवाह दहा अँपिअर भरतो. स्विच नवा असताना तो हा भार सोसतो. परंतु प्रत्येक वेळी स्विच लावताना व काढताना पॉइंटवर बारीकशी ठिणगी पडते, तिचा कार्बन धरतो, पितळेवर कळंक चढतो, स्प्रिंगचा जोर ओसरतो. मग पॉइंट एकमेकांना नुसते टेकतात, घट्ट भिडत नाहीत.

अशा टेकलेल्या जागी विजेला अवघा एकदशांश ओहम अडथळा झाला, तरी दहा अँपिअरला तेथे एक व्होल्ट खर्ची पडतो आणि दहा वॅट उष्णता ज्वारीच्या दाण्याएवढ्या जागेत साठते. त्या उष्णतेने स्प्रिंग आणखी मऊ पडते, पॉइंट आणखी सैल होतो, अडथळा आणखी वाढतो. रोग असा स्वतःच स्वतःला पोसतो. दिव्याकडे पाहावे तर बारा व्होल्टमधील एक व्होल्ट कमी झाला म्हणून उजेड बाराव्या हिश्श्याने घटत नाही. तारेच्या बल्बचा उजेड व्होल्टेजपेक्षा फार वेगाने उतरतो आणि सुमारे चौथा हिस्सा कमी होतो. डोळा हळूहळू सरावतो, म्हणून चालवणाऱ्यास ते कळतही नाही. त्यास वाटते, आज रात्रच अधिक काळोखी आहे.

हे सर्व वाचून कोणी म्हणेल, दिवा थोडा मंद झाला तर एवढे काय बिघडले? ज्याने चोर्ला घाटातून पावसाळ्यातील धुक्यात बेळगावहून गोव्याकडे रात्री वाहन नेले आहे, त्यास हे सांगावे लागणार नाही. ताशी साठ किलोमीटर वेगाने जाणारे वाहन एका सेकंदात सुमारे सतरा मीटर पुढे जाते. वळणावर दिवा विझला आणि चालकास भानावर येण्यास दोन सेकंद लागले, तर चौतीस मीटर रस्ता त्याने आंधळेपणाने तोडलेला असतो. त्या चौतीस मीटरांत दरी असू शकते, बैलगाडी असू शकते, मध्यरात्रीच्या मिस्सेहून पायी घरी परतणारे एखादे कुटुंबही असू शकते. दिवा जेवढा वाहन चालवणाऱ्यासाठी असतो, तेवढाच तो समोरून येणाऱ्यासाठीही असतो.

आता दोष शोधण्याची रीत. एकच दिवा गेला असेल तर बल्ब, त्याची तार किंवा त्याची अर्थ पाहावी. अप्पर गेला व डिपर लागतो, किंवा उलट, तर डिपरचा स्विच पाहावा. अप्पर व डिपर दोन्ही गेले पण बाजूचे लहान दिवे लागतात, तर मुख्य स्विचचा निळ्या तारेकडील पॉइंट अथवा त्यापुढची वाट संशयास पात्र होते. लहान व मोठे सर्वच दिवे गेले, तर येणारी तपकिरी तार आणि स्विच यांचा विचार करावा. एवढा विचार मोटारीला हात न लावता, ओट्यावर बसून करता येतो. आणि जो तो करतो, त्याचे अर्धे काम तेथेच होते.

पुढची परीक्षा मीटरने. मोठे दिवे लावलेले ठेवून मीटरचे एक टोक स्विचच्या तपकिरी तारेच्या जोडास व दुसरे निळ्या तारेच्या जोडास लावावे. स्विच निरोगी असेल तर मीटर व्होल्टचे एक-दोन दशांशच दाखवील. एक व्होल्ट किंवा अधिक दाखवला, की दोष स्विचचाच. पुष्कळजण मीटरऐवजी दोन तारा जोडलेला लहान बल्ब वापरतात. तार मेलेली आहे की जिवंत, एवढे सांगण्यास तो उपयोगी आहे. परंतु त्याला वीज इतकी थोडी लागते की जळक्या पॉइंटमधूनही तो प्रसन्नपणे पेटतो. म्हणून परीक्षा नेहमी पूर्ण भार असतानाच घ्यावी. हलक्या ओझ्याखाली सर्वच खांदे मजबूत दिसतात.

दोष ठरला की दुरुस्ती. प्रथम बॅटरीची अर्थकडील तार सोडावी. १९६७ सालाच्या अखेरीपर्यंतच्या एमजीबीत बॅटरीचे धन टोक अर्थला जोडलेले असे, त्यानंतर ऋण टोक. म्हणून खुणा पाहूनच हात घालावा. बोटातील अंगठी, मनगटावरील घड्याळ, हातातील बांगडी काढून ठेवावी. बारा व्होल्टचा धक्का बसत नाही हे खरे. पण तपकिरी तार व मोटारीचा पत्रा यांच्यामध्ये अंगठी सापडली तर ती क्षणात तापून बोट भाजते. त्या तारेला फ्यूज नाही, याची आठवण ठेवावी.

नंतर तारा कोणत्या जोडावर आहेत त्याचे चित्र कागदावर काढावे. पहिल्या वर्षांतील मोटारींत दांडीचा स्विच असतो. तो पुढील बाजूच्या कड्याने धरलेला असतो. कडे सोडले की स्विच मागून हातात येतो. पुढच्या वर्षांतील मोटारींत चपटा, दाबण्याचा स्विच आहे. तो कडेच्या लवचीक कानांनी अडकवलेला असल्यामुळे मागून हलकेच ढकलून बाहेर काढावा लागतो.

दांडीचा स्विच उघडण्याजोगा असतो. त्याच्या पत्र्याचे वळवलेले कान लहान पेचकसाने हळूहळू उचलावेत. हे काम परातीत, वरून फडके धरून करावे; कारण आतली स्प्रिंग उडाली तर ती नेमकी कपाटाखाली जाते. आत काळे झालेले पॉइंट दिसतील. ते अगदी बारीक पॉलिश पेपरने, चकाकी येईपर्यंत पुसावेत. कानस कधीही लावू नये, कारण पॉइंटवरील चांगला थरही तिने निघून जातो. नंतर स्पिरिटने धुऊन कोरडे करावे. पॉइंटची पट्टी दबली असेल तर किंचित वर उचलून तिला पुन्हा जोर द्यावा. हलत्या भागास नखाएवढे व्हॅसलिन पुरे. मात्र आतील खापरी किंवा प्लॅस्टिक वितळले अथवा तडकले असेल, तर मोह न धरता नवा स्विच घ्यावा. स्विच बंद केल्यावर वीस वेळा खालीवर करून मीटरने पाहावे, मगच मोटारीत बसवावा.

त्याच वेळी पुढील जाळीमागील तारांचे गोळीच्या आकाराचे जोड व दिव्यांची काळी अर्थ तारही साफ करावी. वीज जेवढी जाते तेवढीच परत यावी लागते. परतीची वाट गंजलेली असेल तर नवा स्विचही व्यर्थ.

येथवर केले म्हणजे दिवे लागतील. परंतु जाणता कारागीर येथे थांबत नाही. तो विचारतो, हा स्विच जळला का? नवा आणला तर तोही का जळणार नाही? मूळ कारण भारात आहे, आणि भार तसाच ठेवला तर चार वर्षांनी हाच उद्योग पुन्हा करावा लागेल. यावरचा उपाय म्हणजे रिले.

रिले ही काड्यापेटीहूनही लहान डबी असते. तिच्यात तारेचे एक वेटोळे व एक भक्कम पॉइंट असतो. वेटोळ्यात थोडी वीज गेली की ते लोहचुंबक बनते व पॉइंटला खेचते. ‘टक्’ असा आवाज होतो आणि मोठ्या विजेची वाट उघडते. दोन रिले बसवावेत, एक अप्परसाठी व एक डिपरसाठी. डिपरच्या स्विचकडून येणाऱ्या दोन निळ्या तारा आता दिव्यांकडे न जाता या वेटोळ्यांकडे जातात. दिव्यांसाठी नवी जाड तार स्टार्टरपाशी येणाऱ्या बॅटरीच्या तारेवरून, आरंभीच फ्यूज घालून, रिलेपर्यंत आणावी. आणि रिलेपासून प्रत्येक दिव्यास वेगळा फ्यूज द्यावा, म्हणजे एक बाजू गेली तरी दुसरी जागी राहील. जुन्या, धन टोक अर्थ असलेल्या मोटारीसाठी आत डायोड नसलेला साधा रिले निवडावा. कारखान्याच्या मूळ तारा तोडू नयेत. जोड असे करावेत की पुढे कोणाला मोटार मूळ स्वरूपात हवी असल्यास सर्व काढून पूर्ववत करता येईल.

याचा परिणाम पाहा. ज्या स्विचमधून दहा अँपिअर वाहत होते, त्यातून आता केवळ सातवा हिस्सा अँपिअर वाहतो. तो तापत नाही, जळत नाही, आणि दिवे पूर्वीपेक्षा उजळ होतात. आज्ञा अजूनही स्विचचीच चालते. त्याने सांगितल्याखेरीज दिवा लागत नाही की विझत नाही. त्याचा मान गेला नाही, भार तेवढा गेला.

एका आडवाटेविषयी मात्र सावध केले पाहिजे. घाईत असलेला मनुष्य स्विच बाजूला सारून बॅटरीपासून दिव्यापर्यंत नुसती तार ओढतो, फ्यूजही घालत नाही, आणि ‘झाले काम’ म्हणतो. दिवा लागतो खरा. परंतु ती तार कोठे घासली, तिचे आवरण फाटले, तर तिला अडवणारे कोणी नसते. सारी बॅटरी त्या जागी रिकामी होऊ पाहते व मोटार पेट घेते. हीच गोष्ट आपल्याकडील ट्रॅक्टर, रिक्षा व शेतावरील मोटारपंप यांनाही लागू आहे. फ्यूजच्या जागी तारेचे भेंडोळे घालणारा मनुष्य दुरुस्ती करीत नाही; तो संकट पुढे ढकलतो, आणि बहुधा ते दुसऱ्याच्या माथी येते.

वाचकहो, आता आरंभी दिलेले वचन. आपल्या घरांकडे पाहा. पुष्कळ घरांत असा एक स्विच असतो. कोठे ती माता असते : पहाटे चूल तिची, गोठा तिचा, मुलांचा अभ्यास तिचा, आजारी सासऱ्यांची शुश्रूषा तिची, आणि रात्री सर्वांना रोझरीसाठी गोळा करणेही तिचेच. कोठे तो थोरला मुलगा असतो : बहिणीचे लग्न त्याचे, बँकेचे कर्ज त्याचे, धाकट्याची फी त्याची. पॅरिशमध्येही पाहावे तर एकच मनुष्य गायनवृंद बसवतो, सणाची वर्गणी गोळा करतो, मांडव घालतो आणि शेवटी झाडूही तोच मारतो. सर्व प्रवाह त्या एका माणसातून वाहतो. तो बोलत नाही. हळूहळू तापतो, त्याचा उजेड चौथ्या हिश्श्याने मंदावतो. आपले डोळे सरावलेले असतात, म्हणून आपल्याला दिसत नाही. आणि मग एखाद्या अवघड वळणावर तो विझतो, तेव्हा आपण म्हणतो, ‘काल तर ठीक होते!’

निर्गमच्या अठराव्या अध्यायात मोशेची अशीच अवस्था झालेली आढळते. सकाळपासून सायंकाळपर्यंत तो एकटा लोकांचा न्याय करीत बसे आणि लोक त्याच्याभोवती तिष्ठत उभे राहत. त्याचा सासरा इथ्रो भेटीस आला. त्याने ते पाहिले, आणि जावयास स्पष्ट सांगितले की, या रीतीने तूही झिजशील व लोकही झिजतील. त्याने उपाय सुचवला तो असा की, हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर व दहांवर विश्वासू माणसे नेमावीत. लहान गोष्टी त्यांनी निकालात काढाव्यात, मोठ्या तेवढ्या मोशेकडे याव्यात. मोशेने ऐकले. देवाशी समोरासमोर बोलणाऱ्या त्या महापुरुषाने सासऱ्याचा व्यवहारी सल्ला कमीपणा न मानता घेतला, हे आम्हांस त्या अध्यायातील सर्वांत मोठे वाटते.

म्हणून आमची विनंती एवढीच. या आठवड्यात घरातील त्या माणसास केवळ शाबासकी देऊन थांबू नका. शाबासकी म्हणजे पॉइंटला पॉलिश पेपर. तिची गरज आहे, पण ती पुरत नाही. एक काम, नेमके एक काम, त्याच्याकडून काढून आपल्या अंगावर घ्या, आणि ते रोज करा. मुलगा मोठा असेल तर गोठा त्याच्याकडे. मुलगी शिकलेली असेल तर कर्जाचा हिशेब तिच्याकडे. आणि घरधनी रिकामा बसत असेल तर पहाटेची चूल त्यानेही पेटवावी, त्यात त्याचा मान कमी होणार नाही. ज्या माणसावर भार पडला आहे, त्यानेही तो सोडण्यास शिकावे. दुसऱ्याने काम आपल्याहून निराळ्या रीतीने केले तर ते परत हिसकावून घेऊ नये.

आणि ज्यांच्या घरी वाहन आहे, मग ते जुने असो वा नवे, दोन चाकांचे असो वा चार, त्यांनी रात्री घाटरस्त्याला लागण्यापूर्वी अंगणातील भिंतीसमोर ते उभे करून दिवे दहा मिनिटे लावून पाहावेत. उजेड अखेरपर्यंत सारखा राहिला तर समाधानाने निघावे. मंदावला तर प्रवास सकाळपर्यंत तहकूब करावा.